शाळेच्या अंगणातली दहा बाय दहा फूट माती उघडी राहू द्या

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, सोलापूर,
तसेच जिल्ह्यातील सर्व केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समित्या आणि अंगणवाडी सेविका

सप्रेम नमस्कार.

जिल्ह्यातल्या शाळांच्या अंगणात आता पेव्हर ब्लॉक बसू लागले आहेत. त्यामागची अडचण आम्हाला कळते. काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात पायाला किलोकिलोने चिकटतो, वर्गात राडा होतो, पोषण आहाराच्या रांगेत मुले घसरतात. ब्लॉक जरूर बसवा. पण प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक अंगणवाडीत दहा फूट बाय दहा फूट जमीन उघडी ठेवा आणि ती मुलांच्या नावाने राखून ठेवा, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र आहे. त्या शंभर चौरस फुटांत वर्षभर काय करायचे आणि कुठे फसते, ते पुढे सविस्तर लिहिले आहे.

आधी जागेविषयी. निम्मा दिवस ऊन लागेल अशी जागा हवी. शौचालयाच्या शोषखड्ड्याजवळची, गटाराकडेची किंवा पत्र्याचे पाणी जिथे धबाधबा पडते ती जागा नको. बहुतेक शाळांच्या अंगणात भरावाचा मुरूम असतो, आणि माती नाही म्हणून शिक्षक हात टेकतात. खरे तर हीच सोय समजावी. निम्म्या भागात मुरूम आहे तसा ठेवावा, उरलेला निम्मा फूटभर खोल खोदून एखाद्या पालकाच्या शेतातल्या काळ्या मातीने भरावा. मग दोन्ही माती वर्षभर शेजारी शेजारी बघायला मिळतात. वाफ्याच्या मधोमध फूटभर रुंदीची विटांची पायवाट ठेवा. दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फूट माती उरते आणि लहान मुलाचा हात एका वेळी सव्वादोन फुटांपर्यंत आत पोचतो, म्हणजे मातीवर पाय न देता सगळीकडे काम करता येते. पायवाट सोडली, तर दोन महिन्यांत वाफ्याचे अंगण होते.

सोलापुरात हे शिकवण्याला वेगळे कारण आहे. आपल्याकडे वर्षाला सरासरी 550 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला मोठा वाटा परतीचा. सप्टेंबरात पडलेले पाणी काळी जमीन पोटात धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी थंडीभर त्यावर निघते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, मालदांडी 35-1 हे ज्वारीचे वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडले गेले, कोरडवाहू शेतीचे संशोधन सोलापुरात 1930 च्या दशकापासून चालू आहे. हे सगळे जमिनीत ओल कशी टिकवायची या एका प्रश्नाभोवती फिरते. इथली माती हीच पाण्याची टाकी आहे. दुसरीकडे 1980 मध्ये उजनी पूर्ण झाले, पाटाचे पाणी आले, ऊस आला, आणि जिथे निचरा नव्हता तिथल्या सखल जमिनी चिबड (पाणी साचून राहणाऱ्या), खारवट, चोपण (क्षाराने घट्ट झालेल्या, पाणी न मुरणाऱ्या) होऊ लागल्या. ओल राखणे आणि क्षार साठू न देणे या दोन गोष्टी इथल्या मुलाला पाढ्यांइतक्या सहज यायला हव्यात. परिसर अभ्यासातली मातीची माहिती पाठ करून त्या येणार नाहीत. 5 डिसेंबरला जागतिक मृदा दिन म्हणून एक चित्रकला स्पर्धा घेऊनही येणार नाहीत. माती ऋतूंबरोबर बदलते, तिला एका दिवसात भेटता येत नाही.

अंगणवाडीच्या मुलांना काहीही मोजायला लावू नका. तीन घमेली ठेवा: एकात मुरूम, एकात काळी माती, एकात वाळू. आधी कोरडी चाचपू द्या, मग तांब्याभर पाणी घालू द्या. खरखरीत, मऊ, चिकट, सुटी, जड, गार असे शब्द बोटांतून तोंडात आले पाहिजेत. शहरातल्या कन्नड घरातले मूल मण्णु म्हणेल, तेलुगू घरातले मट्टी. ते शब्द तसेच राहू द्या. पाच-सहा वर्षांच्या मुलांना शेवई वळायला सांगा. लिंबाएवढा गोळा मळून पाटावर वळला, की काळ्या मातीची शेवई बारीक निघते आणि तिची बांगडीही न तुटता वळते. मध्यम, म्हणजे ना फार चिकट ना फार सुट्या मातीची शेवई होते, बांगडी करताना तडकते. मुरमाची शेवईच होत नाही. हीच जमिनीचा पोत ओळखायची शेतातली रीत आहे. यात चूक होते ती मळण्यात. काळी माती पाणी हळूहळू पिते, म्हणून किमान चार-पाच मिनिटे मळावी लागते. नाहीतर आत कोरडे कण राहतात आणि चांगली भारी मातीही तुटते.

बेंदराला मुले मातीचे बैल करतात, तो दिवस वाया घालवू नका. नुसत्या काळ्या मातीचा बैल वाळताना तडकतोच. का तडकतो ते दाखवायला त्याच मातीची बरोबर दहा सेंटिमीटरची पट्टी करून सावलीत वाळवा. चार दिवसांनी ती सेंटिमीटरभर तरी कमी भरते. पाण्याने फुगलेली माती वाळताना आखडते. फेब्रुवारीत शेतात पडणाऱ्या भेगांचे मूळ इथेच आहे. कुंभार मातीत राख आणि लीद का मिसळतो, हेही मग सांगावे लागत नाही.

जूनच्या मध्यात शाळा सुरू झाली, की पहिला धडा वाफशाचा, म्हणजे मशागतीला योग्य अशा ओलीचा. वाफ्यातली मूठभर माती दाबून लाडू करायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. लाडू झाला आणि पडून फुटला, तर वाफसा आहे. न फुटता चपटा झाला, तर ओल जास्त आहे. लाडूच झाला नाही, तर माती कोरडी आहे. वाफसा येईपर्यंत वाफ्याला हात लावायचा नाही, हा शाळेचा नियम असावा. ओल्या काळ्या मातीवर पाय दिला, की तिच्यातली हवेची भोके मिटतात आणि वाळल्यावर विटेसारखे ढेकूळ बनते. मोठ्या माणसांचे ट्रॅक्टर हीच चूक करतात, तेव्हा हा नियम सहा वर्षांच्या वयात हाडात मुरलेला बरा.

जुलैत चांगला पाऊस झाल्यावर कापड पुरा. कोऱ्या मांजरपाटाचे 15 बाय 15 सेंटिमीटरचे तीन तुकडे घ्यायचे. एक शेणखत घातलेल्या काळ्या मातीत, एक मोकळ्या मुरमात, एक झाडाखालच्या पालापाचोळ्याच्या मातीत, तिन्ही 10 ते 12 सेंटिमीटर खोल आणि आडवे. वर काठी रोवून तारीख लिहायची. आठ आठवड्यांनी हळू उकरायचे, पाण्यात हलके बुचकळायचे, वाळवायचे आणि वर्गात दोरीवर शेजारी शेजारी लावायचे. जिवंत मातीतल्या तुकड्याची जाळी झालेली असते, मुरमातला बराचसा शाबूत निघतो. सोलापुरात कापडाला तोटा नाही, पण इथेच चूक होते: मागावरच्या चिंध्यांत पॉलिस्टर असले, तर वर्षभर पुरूनही ते कुजत नाही आणि मुले माती मेलेली आहे असे समजतात. म्हणून शिक्षकांनी आधी एक धागा जाळून पाहावा. सुताची मऊ राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो; पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. दुसरी फसगत वाळवीची. वाळवीने खाल्लेल्या कापडावर मातीचे लिंपण दिसते आणि तुकडेच्या तुकडे गेलेले असतात. तीही मातीतली रहिवासीच आहे, पण नोंद वेगळी करावी. पावसाने महिनाभर दडी मारली, तर तिन्ही ठिकाणी सारखेच पाणी द्या, कारण कोरड्या मातीत काहीच कुजत नाही.

गांडुळे ऑगस्टमध्ये मोजा. दोन-तीन दिवस पाऊस झाल्यानंतर, सकाळी, 20 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल असा मातीचा ठोकळा काढून पोत्यावर पसरायचा आणि दहा मिनिटांत मोजणी उरकून गांडुळे ओल्या मातीत परत सोडायची. मार्चमध्ये खणाल तर बहुधा एकही सापडणार नाही, कारण ती खोल जाऊन वेटोळे करून पडून असतात. एका उन्हाळी मोजणीवरून निष्कर्ष काढू नका. आणि बाजारातून गांडूळखताची गांडुळे आणून वाफ्यात सोडू नका. ती कुजत्या कचऱ्यावर जगणारी जात आहे, उघड्या शेतमातीत टिकत नाही.

घटस्थापनेला घरोघरी पत्रावळीवर माती पसरून धान पेरतात. शाळेत तीन पत्रावळी मांडा: बांधावरची माती, अंगणातला मुरूम, आणि काळ्या मातीत चौथा हिस्सा कुजलेले शेणखत. प्रत्येकीत गव्हाचे 50 दाणे, रोज सारखेच मोजून पाणी, साधारण अर्धी वाटी. उगवलेले कोंब मोजायचे. मात्र नऊ दिवसांत तिन्ही ठिकाणी उंची जवळपास सारखी दिसली, तर शिक्षकांनी गोंधळू नये. इतके दिवस रोप बियातल्या साठ्यावर वाढते. या काळात दिसतो तो मातीच्या पापुद्र्याचा फरक: नुसत्या काळ्या मातीवर पापुद्रा धरतो आणि काही कोंब वाकडे होऊन अडकतात. कस बघायचा तर दसऱ्यानंतर आणखी तीन आठवडे पत्रावळी सांभाळा. मुरमातली पाने तोवर फिकी पडू लागतात. बुरशी आली, तर पाणी जास्त झाले असे समजा.

आता ज्या प्रयोगाचा आमचा सर्वाधिक आग्रह आहे त्याकडे येतो. ‘एक कोळपणी (पिकाच्या ओळींमधली वरची माती हलवणे), अर्धे पाणी’ हे इथल्या प्रत्येक आजोबांच्या तोंडी असलेले वाक्य तिसरी ते पाचवीच्या मुलांना तराजूवर पडताळून पाहता येते. नोव्हेंबरात तीन सारखी घमेली घ्या. प्रत्येकात पाच किलो वाळलेली, चाळलेली काळी माती आणि दीड लिटर पाणी. पहिले तसेच सोडायचे. दुसऱ्यात दर चार दिवसांनी काट्याने वरची तीन सेंटिमीटर माती हलवायची. तिसऱ्यावर कडब्याच्या तुकड्यांचा किंवा कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा दोन बोटे जाड थर द्यायचा. तिन्ही एकाच ठिकाणी उन्हात ठेवायची आणि दर चार दिवसांनी किराणा दुकानातल्या काट्यावर तोलायची. आच्छादनाचे वजन सुरुवातीलाच वेगळे करून वहीत लिहा, नाहीतर हिशेब चुकतो. कोळपणीची घाई नको: वरचा थर वाळून रंग फिका झाल्यावरच हलवायचा. ओला असताना हलवला, तर खालची ओल वर येऊन उलट लवकर उडते. पहिल्या घमेल्यात भेगा पडतील, त्यांची रुंदी पट्टीने मोजायची. तीन आठवड्यांचे आकडे फळ्यावर मांडले, की ज्वारीत कोळपे का चालते आणि उसाचे पाचट का जाळू नये या दोन्हींची उत्तरे मुलांच्याच तोंडून येतात.

क्षारांची ओळख हळदीने करून द्या. पंढरपूरचे कुंकू इथल्या प्रत्येक देव्हाऱ्यात असते. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आजींना ठाऊक आहे. हळदीच्या घट्ट पाण्यात पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. मातीत थोडे पावसाचे पाणी घालून केलेला लगदा पट्टीवर दहा मिनिटे ठेवून मागची बाजू पाहा. पट्टी पिवळी राहिली तर ठीक. तांबूस झाली, तर सामू (pH) साडेआठच्या पुढे असण्याची शक्यता आहे. साबणाचा हात, राख किंवा चुना लावलेल्या भिंतीचा कण लागला तरी पट्टी लाल होते, म्हणून आधी साध्या पाण्याने हात धुऊन ते कोरडे करायचे.

जोडीला हरभऱ्याएवढे वाळलेले ढेकूळ बशीतल्या पाण्यात अलगद ठेवा आणि चोवीस तास बशी हलवू नका. काळ्या मातीचे ढेकूळ ढासळून पसरते, त्यात वावगे काही नाही. तिचा तो स्वभावच आहे. भोवतीचे पाणी दुधाळ, गढूळ झाले आणि तसेच राहिले, तर मात्र माती चोपण होत असल्याची ती खूण आहे. इथे बोअरचे पाणी वापरले, तर प्रयोग हमखास फसतो. त्या पाण्यातले क्षारच गाळाला खाली बसवतात आणि चोपण मातीही चांगली दिसते. पावसाचे साठवलेले किंवा आरओ फिल्टरचे पाणी घ्या. पट्टी लाल झाली म्हणून मुलाने घरी जाऊन ‘आपली जमीन बिघडली’ असे जाहीर करू नये, हेही शिकवा. ही केवळ शंका आहे. खात्री प्रयोगशाळेत होते, आणि चोपण सुधारायला जिप्सम घालायचे की निचऱ्याला चर काढायचे हे त्यानंतर ठरते. शेतकऱ्याला माती तपासणीचे आकडे लिहून देणारी मृदा आरोग्य पत्रिका योजना 19 फेब्रुवारी 2015 रोजी सुरू झाली. त्या पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्याशेणातून मातीत येणारा कार्बन), चार मुख्य आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये अशा 12 गोष्टी असतात. पाचवीच्या मुलांनी घरची पत्रिका आणून त्यातले पहिले तीन आकडे वाचले, तरी पुष्कळ झाले. सेंद्रिय कर्बाचा आकडा अनेक पत्रिकांत अर्धा टक्क्याच्या आत दिसेल. का, असे मुले विचारतील, आणि उत्तर गावातच आहे: कडबा जनावरांना गेला, शेणाच्या गोवऱ्या झाल्या, पाचट पेटले, उरलेले उन्हाने खाल्ले; जमिनीकडे परत काय आले?

म्हणून प्रत्येक शाळेत एक वही असावी आणि तिची दोन पाने: घेतले आणि दिले. वाफ्यातून किती मेथी-कोथिंबीर निघाली ते किलोत घेतलेच्या पानावर, आणि किती खत, पाला, उपटलेले तण परत गेले ते दिलेच्या पानावर. हेक्टरी पाच टन शेणखताचा हिशेब धरला, तर शंभर चौरस फुटांना साडेचार-पाच किलो लागते, एवढे पहिलीतले मूलही वाहून आणू शकते. फुलोऱ्यावर यायच्या आत उपटलेले तण तिथेच वाळत ठेवायचे. गाजरगवत मात्र मुलांनी उपटू नये, त्याची खाज आणि दम्याचा त्रास खरा आहे.

खताचा खड्डा शाळेत करायचा तर तीन फूट लांब, रुंद आणि खोल पुरे. तीन घमेली वाळका पाला, एक घमेले ओला कचरा, त्यावर शेणकाला. मूठ दाबल्यावर बोटांमधून थेंब-दोन थेंब यावेत इतकीच ओल. तेलमिठाची उरलेली खिचडी त्यात टाकू नका, उंदीर आणि कुत्री येतात. मार्चपासून खड्डा कोरडा पडतो आणि कुजणे थांबते, म्हणून ओले पोते झाकून सावली करा.

वेळ अमावास्येला अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, बार्शीकडची घरे शेतात जातात, कोप (कडब्याची छोटी खोप) करून पूजा करतात, आंबिल शिंपडतात. त्याच्या आदल्या दिवशी मुलांना एकच काम द्या: घरच्या तीन जागांची मूठ मूठ माती पुडीत बांधून आणायची, आजी-आजोबांना तिचे नाव विचारून वर लिहायचे. मुरमाड, मळीची, पांढरी, चुनखडीची, चोपण ही नावे मोठ्या माणसांबरोबर चालली आहेत. पुढच्या वर्षी विचारायला ती माणसे असतीलच असे नाही.

काळजीचे थोडके. मातीत काम करताना पायात चप्पल हवीच, जंतांची लागण अनवाणी पायांतून होते. हाताला जखम असलेल्या मुलाने त्या दिवशी वही लिहावी. दगड मोठ्यांनीच उलटावा, खाली विंचू असू शकतो. फवारणी झालेल्या शेतातली, विशेषतः डाळिंब आणि द्राक्षाच्या बागेतली माती वर्गात आणू नका. काम संपल्यावर साबणाने हात आणि नखे धुण्याला पाच मिनिटे राखून ठेवा.

शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे आमचे मागणे मोजके आहे. आठवड्याला एक तासिका या वाफ्याला द्यावी, शनिवारची असली तर उत्तम. गुण देऊ नयेत. ऑनलाइन अहवाल आणि रोजचे फोटो मागू नयेत. फोटोसाठी माती उकरली गेली, की दाबलेल्या ओल्या जमिनीचा तोच धडा उलटा शिकवला जातो. गावच्या कृषी सहायकांनी जुलैत आणि जानेवारीत, असे दोनदा शाळेत यावे, यासाठी कृषी विभागाला आपण एक पत्र लिहावे. उन्हाळी सुट्टीत वाफ्यावर पाल्याचा चार बोटे थर देण्याची आणि त्यावर सायकली लागू न देण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीने नावानिशी एका सदस्याकडे सोपवावी.

वाफ्याची खोदाई आणि माती भरणे मे महिन्यातच व्हायला हवे, म्हणजे पहिल्या पावसात ती बसते आणि जूनमध्ये वाफसा बघायला तयार असते. पाऊस सुरू झाल्यावर भरलेली माती वर्षभर ढेकळे धरून राहते. तेव्हा पेव्हर ब्लॉकच्या यंदाच्या अंदाजपत्रकांवर सही करण्यापूर्वी, प्रत्येक शाळेच्या नकाशावर ही दहा बाय दहाची चौकट आखून घ्यावी, ही विनंती.

आपले,
सोलापूर जिल्ह्यात माती आणि प्राथमिक शिक्षणाच्या कामात असलेले काही जण